सध्या काय वाचताय? रविवारच्या बैठकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही काही वाचणारी माणसं एकत्र बसतो आणि सध्या हातात कुठलं पुस्तक आहे ते एकमेकांना सांगतो. भाजी मंडईत, स्टँडवर, फोनवर लोक या बैठकीबद्दल विचारतात. बहुतेकांच्या शंका सारख्याच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

बैठकीत नेमकं काय होतं?

सतरंजी अंथरलेली असते, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी सात-आठ खुर्च्या असतात. प्रत्येकाने सध्या वाचत असलेलं पुस्तक सोबत आणायचं. आपली पाळी आली की पुस्तक वर धरून दाखवायचं, नाव आणि लेखक सांगायचा, आपण कितव्या पानावर आहोत ते सांगायचं आणि त्यातला अर्धा पान मजकूर मोठ्याने वाचायचा. मग मनात जे आलं असेल ते बोलायचं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. बाराच्या सुमाराला चहा होतो आणि खऱ्या गप्पा तिथे रंगतात. प्रमुख पाहुणे, हारतुरे, प्रास्ताविक असं काही ठेवलेलं नाही.

पुस्तक वाचून पूर्ण झालेलं नसेल तर?

उलट तसंच आणा. आमचा सगळा जीव या एका गोष्टीत आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पुस्तक संपलं की आपल्याकडे त्याबद्दलचं मत तयार होतं. मत झालं की माणूस परीक्षण करायला लागतो: भाषा ओघवती आहे, व्यक्तिचित्रण प्रभावी आहे, सर्वांनी जरूर वाचावं. असं ऐकून पुस्तक मागायला कुणी उठत नाही, हे मी इतक्या बैठकांत पाहिलंय. पण अर्ध्यावर असलेला माणूस त्या पुस्तकात राहत असतो. भाजी चिरताना, एसटीत बसल्यावर त्याच्या डोक्यात तेच घोळत असतं. तो बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला पुस्तकाची ऊब लागते.

मागे एक कॉलेजची मुलगी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घेऊन आली होती. १९३९ साली आलेली कादंबरी, आकाराने लहान. महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर मायदेशी परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू मुलगी हॅर्टा. ती मुलगी उभी राहिली, पान उघडलं आणि म्हणाली, “जहाज अजून मुंबईला लागलेलं नाही. मी दोन दिवस पुढचं वाचलंच नाही. लागूच नये असं वाटतंय.” आणि बसली. अर्धा पान वाचायचंही राहून गेलं. चहाच्या वेळी त्या एका प्रतीसाठी चार माणसं थांबली होती. पुस्तक संपवून आली असती तर हे वाक्य तिला सुचलं नसतं.

मला बोलता येत नाही. सुरुवात कुठून करू?

कथानक सांगायला जाऊ नका. तिथेच बहुतेक जण अडकतात आणि मग पंधरा मिनिटं निघत नाहीत. त्याऐवजी जिथे तुम्ही थांबलात ती एक जागा सांगा. कुठे पुस्तक मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघितलंत, कुठे घरातल्या कुणाला हाक मारून “हे ऐक गं जरा” म्हणालात, ती जागा. ज्यांना तेवढंही जड जातं ते नुसता उतारा वाचून दाखवतात, आणि ते पुरतं.

उताऱ्याचं बळ मला एका काकूंनी दाखवलं. त्या वर्षभर येत होत्या, पण मागे बसून फक्त ऐकायच्या. एका रविवारी पिशवीतून ‘स्मृतिचित्रे’ काढलं. जुनी प्रत, खाकी कागदाचं कव्हर, कडेला हळदीचं बोट उमटलेलं. लक्ष्मीबाई टिळकांनी वडिलांच्या कडक सोवळ्याबद्दल लिहिलंय तो भाग त्यांनी वाचला. घरी आईशी बोलावं तशा आवाजात, कुठेही अभिनय न करता. आधी सगळे हसत होते. दुसऱ्या परिच्छेदाला हसू कमी झालं, कारण त्या सोवळ्याखाली घरातल्या बायकामुलांचे किती हाल होत होते ते ऐकू यायला लागलं. वाचून झाल्यावर काकूंनी एवढंच सांगितलं की माझ्या आजीच्या घरी असंच होतं. त्यानंतर आजवर त्यांनी एकही बैठक चुकवलेली नाही, आणि मागे बसत नाहीत.

मी फार कमी वाचतो. महिन्यात एक पुस्तकही होत नाही.

या. एकच पुस्तक चार महिने आणणारे आमच्यात आहेत. किती वाचलं याची मोजदाद इथे होत नाही.

कुठल्या प्रकारची पुस्तकं चालतात? कादंबरीच हवी का?

छापलेलं आणि तुम्हाला धरून ठेवणारं काहीही. पाककृतींची पुस्तकं आली आहेत, गडकिल्ल्यांची आली आहेत, स्पर्धा परीक्षेसाठी घेतलेलं आणि मग परीक्षा बाजूला ठेवून वाचलेलं इतिहासाचं पुस्तक आलंय. ज्ञानेश्वरीच्या रोज पाच ओव्या वाचणारे एक आजोबा दर वेळी त्यांची त्या महिन्यातली आवडलेली ओवी म्हणतात. भिलारकडचे एक स्ट्रॉबेरी लावणारे दादा मातीवरचं पुस्तक घेऊन आले होते. गांडूळ एका रात्रीत काय करतं ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की शेताशी काडीचा संबंध नसलेल्या दोघांनी ते पुस्तक मागून नेलं.

दिवाळीनंतरची बैठक मात्र फक्त दिवाळी अंकांची असते. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक हे आपलं खास मराठी सुख. प्रत्येकाने आपल्या अंकातला एकच लेख किंवा कथा निवडायची आणि का निवडली ते सांगायचं. सगळे अंक मग मधोमध ठेवले जातात आणि संक्रांतीपर्यंत घरोघर फिरतात. एकेका अंकाची किंमत बघता हा आमचा सगळ्यात उपयोगी दिवस म्हणायला हरकत नाही.

इंग्रजी, हिंदी किंवा अनुवादित पुस्तक आणलं तर?

आणा. उतारा मूळ भाषेत वाचा, पण बोलणं मराठीत ठेवा. सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांना ते कळलं पाहिजे.

अनुवादित पुस्तक असेल तर लेखकाबरोबर अनुवादकाचं नाव सांगायचं, हा आमचा नियम आहे आणि मी त्यावर अडून बसते. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या महाराष्ट्रात घरोघर वाचल्या गेल्या त्या उमा कुलकर्णींच्या मराठीमुळे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांनी कन्नड मजकूर वाचून दाखवायचा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवायचा, अशी त्या दोघांची कामाची रीत. आपण भैरप्पांचं ‘पर्व’ वाचताना ज्या वाक्यावर थबकतो ते मराठी वाक्य कुणीतरी बसून, खोडून, पुन्हा लिहिलेलं असतं. त्या माणसाचं नाव घ्यायला दोन सेकंद लागतात.

शेवट सांगितला तर चालेल का?

नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

एकदा यावर वाद झाला होता. एक जण विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ वाचत होते आणि म्हणाले, याचा शेवट तर शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, १४ जानेवारी १७६१, मग लपवायचं काय? मुद्दा खरा होता. पण मग तेच म्हणाले की शेवट ठाऊक असूनही भाऊसाहेब दिल्लीकडून पुढे सरकायला लागले तसं मला पान उलटवेना. तेव्हापासून ठरलं: इतिहासातली घटना सांगा, पुस्तक ती कशी सांगतं ते वाचणाऱ्यासाठी राहू द्या.

पुस्तक आवडलं नाही, अर्धवट सोडलं, तर तेही सांगायचं का?

जरूर. फक्त कुठे सोडलं आणि का सोडलं हे सांगा. “बोअर आहे” एवढ्याने कुणाचंच भलं होत नाही.

‘कोसला’चं उदाहरण देते. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली आणि तेव्हापासून तिच्यावरून भांडणं चालू आहेत. आमच्याकडेही झालं. एका निवृत्त गणिताच्या सरांनी ती तीनदा सुरू करून तीनदा सोडली. दर वेळी पुण्यातल्या हॉस्टेलच्या पानांवर. त्यांचं म्हणणं, हा पांडुरंग सांगवीकर काही करतच नाही, नुसता वाया जातोय, आणि मी चाळीस वर्षं अशी पोरं वर्गात बसवून शिकवली आहेत, मला ते बघवत नाही. त्यांच्या शेजारी बसलेला मुलगा पुण्यात शिकून, परीक्षा देऊन, काही न जमता गावी परतलेला. तो दर वर्षी ‘कोसला’ वाचतो. त्याने सरांना सांगितलं, “सर, तुम्ही जिथे सोडता तिथूनच माझं पुस्तक सुरू होतं.” आणि धाकटी बहीण मनी जाते ती पानं त्याने वाचली. वाचताना त्याचा आवाज दोनदा अडला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. पुढच्या महिन्यात सर ‘कोसला’ चौथ्यांदा घेऊन आले आणि त्या पानांच्या पुढे गेले होते. त्यांना ती आवडली असं मी म्हणणार नाही, त्यांनी तसं म्हटलंही नाही. पण ती कुणाला का लागते हे त्यांना कळलं.

किती पानांनंतर सोडावं, असंही विचारतात. मी पन्नास पानं देते. वय झालेल्यांनी तीस द्यावीत, त्यांच्याकडे वेळ कमी असतो.

इथे वैयक्तिक गोष्टी बोलल्या जातात का? मला संकोच वाटतो.

बोलायलाच हवं असं नाही. पण पुस्तकाच्या निमित्ताने माणसं बोलतात, आणि तेव्हा आम्ही घड्याळ बघत नाही.

आमच्यातले एक काका धोम धरणात गाव गेलेल्या कुटुंबातले. त्यांनी ‘झाडाझडती’ आणली होती. विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची ही कादंबरी, १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. काकांनी उतारा वाचायला पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि मिटवलं. मग स्वतःच्या घराबद्दल बोलू लागले. घर सोडताना आईने जात्याची वरची तळी उचलून डोक्यावर घेतली आणि खालची तळी तिथेच राहिली, कारण बैलगाडीत जागा नव्हती. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की गावातले लोक अजून काठावर जाऊन उभे राहतात. पंधरा-वीस मिनिटं ते बोलत होते. त्या दिवशी उरलेल्या सहा जणांची पाळी आलीच नाही आणि कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या वेळी दुसऱ्या एका ताईंनी त्यांच्यासाठी मुद्दाम कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ आणलं. त्याला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहून गेलेल्या म्हशीला आणायला जुन्या गावात परत जातो, त्याची गोष्ट. काकांनी ते आठ दिवसांत वाचलं, आणि एरवी त्यांना एका पुस्तकाला दोन महिने लागतात. एका पुस्तकामागून दुसरं असं योग्य हातात पडतं, त्यासाठीच तर “सध्या काय वाचताय” विचारायचं.

पुस्तकं एकमेकांना देता-घेता येतात का?

येतात. दाराशी टेबलावर दोनशे पानी वही असते. पुस्तकाचं नाव, कुणाचं, कुणी नेलं, तारीख आणि परत आल्यावर सही. तोंडी देवघेव करू नका. चांगल्या घरची, सज्जन माणसंसुद्धा पुस्तक परत करायला विसरतात आणि मग ओळख असूनही तोंड चुकवायला लागतात. पुस्तकही जातं आणि माणूसही येईनासा होतो.

वाचनालयाचं पुस्तक मात्र परस्पर दुसऱ्याला देऊ नका. त्यावर दाखल क्रमांक असतो आणि ते तुमच्या नावावर असतं. दुसऱ्याला हवं असेल तर आधी जमा करा, मग तो त्याच्या नावावर घेईल.

दिलेलं पुस्तक खराब होऊन आलं तर?

होतं असं. माझी ‘ऋतुचक्र’ची प्रत एकदा आषाढात कुणीतरी स्कूटरच्या डिकीतून आणली आणि ती अर्धी भिजून आली. दुर्गाबाई भागवतांनी चैत्रापासून एकेका महिन्यावर लिहिलेलं हे पुस्तक मी त्या त्या महिन्यात तो तो लेख काढून वाचते, त्यामुळे फार वाईट वाटलं. आणणाऱ्याला माझ्याहून जास्त वाटलं होतं.

भिजलेलं पुस्तक वाचवता येतं, घाई करू नका. उन्हात टाकलं की पानं लाटांसारखी वाकतात आणि पुठ्ठा कमानदार होतो. पुस्तक उभं करून पंख्यासारखं उघडा आणि सावलीत, छताच्या पंख्याखाली ठेवा. चिकटलेली पानं ओली असताना ओढू नका. पाणी निथळलं की दर दहा-पंधरा पानांमध्ये कोरा पांढरा कागद घाला आणि तो भिजला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. पानं हाताला नुसती गार लागू लागली, ओली नाहीत, की मिटवून वर पाटा किंवा शब्दकोशाचे दोन-तीन खंड ठेवा, तीन-चार दिवस. माझ्या प्रतीला आषाढाच्या पानांवर आता कडेला फिकट तपकिरी रेघ आहे. वाचता सगळं येतं.

पावसाळ्यात बैठकीला येताना पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग कापडी पिशवीत घाला, ही विनंती.

पुस्तकं महाग झाली आहेत. आणायची कुठून?

आधी आपल्या गावच्या वाचनालयात जा. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली सरकारी अनुदान मिळणारी ग्रंथालयं राज्यभर आहेत. थोडी अनामत आणि वर्गणी भरली की घरी पुस्तक मिळतं, आणि एका नव्या कादंबरीच्या किमतीत बहुतेक ठिकाणी कित्येक महिन्यांची वर्गणी निघते. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. मी पाहिलेल्या कित्येक लहान गावच्या वाचनालयांत कपाटं भरलेली असतात आणि वाचक नसतात. तुम्ही जाऊन मागितलं तर ग्रंथपालांना आनंदच होतो. हवं ते पुस्तक नसेल तर मागणी-वहीत नाव लिहा. वर्षाच्या खरेदीच्या वेळी ती वही उघडली जाते, त्यामुळे लिहिणं वाया जात नाही.

आम्हा वाईकरांना दुसरी सोय घाट चढून गेलं की आहे. पाचगणीजवळचं भिलार हे ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरात पुस्तकांसाठी जागा दिली. कुठल्या घरात कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रं. पुस्तक घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं. माझा सल्ला: चार मित्रांना घेऊन फोटो काढत सगळी घरं बघण्यापेक्षा एकच घर निवडा आणि दुपारभर एकच पुस्तक वाचा. दर थंडीत आमची एक बैठक तिथे होते. ओसरीवर ऊन असतं आणि घरची माणसं येता-जाता विचारतात, काय वाचताय.

बाहेरगावच्या कुणाला पुस्तक पाठवायचं असेल तर टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा मे २०२५ पासून आहे. पाकिटाला थोडा जास्त वेळ लागतो, पण कुरिअरपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

गटावर पुस्तकाची पीडीएफ पाठवू का?

नको. हे मी कडकपणे सांगते आणि त्याबद्दल दोन-तीन जण नाराजही आहेत.

भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे असतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांसाठी खुली आहे. तिची फाइल आनंदाने पाठवा. पण काल-परवा आलेल्या कादंबरीची कुणीतरी पानं स्कॅन करून बनवलेली फाइल पाठवणं म्हणजे त्या लेखकाच्या ताटातलं काढून घेणं आहे. मराठीत बहुतेक पुस्तकांची आवृत्ती लहान निघते. शंभर लोकांनी फाइल वाचली तर पुढच्या आवृत्तीचं काय होईल ते तुम्हीच बघा.

आवडलेल्या एखाद्या परिच्छेदाचा फोटो टाकायला हरकत नाही. खाली पुस्तकाचं आणि प्रकाशकाचं नाव लिहा, म्हणजे वाचणारा ते विकत घेऊ शकेल.

ऑडिओबुक ऐकलं तर ते वाचन धरायचं का?

हो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एक मावशी तीन महिने फक्त ऐकत होत्या. पाळी आली की मोबाइलवर दोन मिनिटांचा भाग लावायच्या आणि डोळे मिटून आमच्याबरोबर पुन्हा ऐकायच्या. आपल्याकडे कीर्तन आणि पोथी पिढ्यान्‌पिढ्या कानानेच तर पोचली.

मुलांना आणू का?

आणा, आणि त्यांची पाळी पहिली असते, म्हणजे त्यांना नंतर अंगणात खेळायला जाता येतं. मुलं सगळ्यात चांगलं सांगतात, कारण त्यांना छाप पाडायची नसते. एका चौथीतल्या मुलाने भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणला आणि सांगितलं की मी हे पुस्तक अंथरुणात टॉर्च लावून वाचलं. आई शेजारीच बसली होती, तिला ते तेव्हाच कळलं. सतरंजीवरचे सगळे म्हातारे एकदम फेणेसारखं “ट्टॉक!” म्हणाले. मुलाला वाटत होतं हे पुस्तक त्यालाच नव्याने सापडलंय.

एकच विनंती: “सांग ना, काल तर घरी किती छान सांगत होतास” असं त्यांच्या मागे लागू नका. नाही बोलले तर नाही बोलले.

मी परगावी असतो. ऑनलाइन येता येईल?

मोबाइल टेबलावर उभा करून जोडून घेतो. पुण्यातून दोघं आणि परदेशातून एक जण नियमित असतात. आवाज कधी तुटतो, तेवढं चालवून घ्या. पण तुमच्या शहरात चार मराठी घरं असतील तर तिथेच बसा, ते जास्त चांगलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या दुबईपर्यंत पोचल्या आणि तिथली कुटुंबं त्या आपसात फिरवतात. दूर राहणाऱ्यांना हे जमण्यासारखं आहे.

आमच्या गावात अशी बैठक सुरू करायची तर काय लागेल?

दोन माणसं. आम्ही पहिल्या बैठकीला तिघं होतो, दुसऱ्या बैठकीला दोघं. वार आणि वेळ ठरवा आणि कुणी आलं नाही तरी तुम्ही जाऊन बसा. दिवस सारखा बदलला की बैठक मोडते. मे महिन्यात इथे वसंत व्याख्यानमाला असते, सगळं गाव तिकडे असतं, तरी आम्ही आमची सकाळ सोडत नाही.

जागेसाठी आधी वाचनालयाला विचारा, नाहीतर देवळाचा सभामंडप, शाळेचा वर्ग, कुणाची ओसरी. एका ठिकाणी आम्हाला जागा नाकारली गेली होती, “कार्यक्रमाचे अध्यक्ष कोण?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं म्हणून. अध्यक्ष तेव्हाही केला नाही आणि अजूनही नाही.

वही पहिल्या दिवसापासून ठेवा. कोण काय वाचत होतं ते तारखेसह लिहा. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातले दोन आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. या दोनांतला नंतरचा मला जास्त जवळचा वाटतो. कपाटात पंधरा वर्षं कुणी न उघडलेलं पुस्तक असतं, आणि ते ज्याचं आहे तो माणूस याच गावात दोन गल्ल्या सोडून राहत असतो.

मग या महिन्यात कोण काय वाचतंय?

वहीतून उतरवते. गणिताचे सर गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचत आहेत आणि वारल्यांच्या वेठबिगारीच्या पानांवर थांबलेत. पुढे वाचायला धीर होत नाही म्हणतात, पण पुस्तक परत करत नाहीत. गावी परतलेला तो मुलगा दया पवारांचं ‘बलुतं’ तिसऱ्यांदा वाचतोय आणि या वेळी पेन्सिल घेऊन. ‘स्मृतिचित्रे’वाल्या काकूंनी सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ सुरू केलंय, पन्नास पानांवर आहेत आणि त्यांना सुनीताबाईंशी भांडायचंय. काका धरणावरचं तिसरं पुस्तक शोधतायत, कुणाला माहीत असेल तर आणा. फास्टर फेणेवाल्या मुलाने त्याच मालिकेतलं पुढचं पुस्तक नेलंय, टॉर्चच्या बोलीवर. मी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक पुन्हा काढलंय, दर रात्री एक माणूस.

तुमची ओळ कोरी आहे. येताना पुस्तक आणि चष्मा आणा. चष्मा राहिलाच तर टेबलाच्या खणात दोन जास्तीचे ठेवलेले आहेत.